वाचकांचे प्रश्न : पॉल मॉर्फी आणि शनिवारचे बुद्धिबळ सदर

गेल्या अंकात अमेरिकी बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी याच्यावर एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख त्याच्या खेळापेक्षा त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्याच्याविषयी काय छापले याकडे आहे. मॉर्फीची कीर्ती पटावर जितकी घडली तितकीच छापखान्यातही घडली, त्यामुळे ही चौकशी योग्य दिशेने चालली आहे असे मला वाटते.

प्रश्न : 1858 साली मॉर्फी लंडन आणि पॅरिस येथे खेळत होता. रेडिओ किंवा दूरध्वनी नसताना त्याचे डाव अमेरिकेतील वाचकांपर्यंत कसे पोचत असत? आणि वर्तमानपत्रात डाव छापण्याची पद्धत कशी होती?

उत्तर : अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या पहिल्या तारेवरून राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेला गेला तो 16 ऑगस्ट 1858 रोजी, म्हणजे मॉर्फी इंग्लंडमध्ये असतानाच, परंतु ती तार काही आठवड्यांतच बंद पडली. त्यामुळे मॉर्फीच्या विजयाच्या वार्ता आगबोटींतून, लंडनच्या अंकांच्या गठ्ठ्यांबरोबरच न्यूयॉर्कला येत आणि त्यात दहा-बारा दिवस सहज जात. तेथून पुढे त्या देशभर पसरत त्या संपादकांच्या कात्रीमुळे. अमेरिकेत संपादकांना एकमेकांचे अंक टपालाने विनामूल्य पाठवता येत असत, आणि दुसऱ्याच्या अंकातील मजकूर कापून आपल्या अंकात घेणे हा त्या काळी सर्वमान्य शिरस्ता होता. एकच बातमी वीस ठिकाणी छापून आली, तर तिला वीस साक्षीदार आहेत असे मानता येत नाही. बहुधा साक्षीदार एकच असतो आणि बाकी एकोणीस जण त्याचे नक्कलकार असतात. जुनी वर्तमानपत्रे वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

डाव छापण्याची इंग्रजी पद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती. आज प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक आकडा अशी एकच खूण असते. त्या वेळी जर्मन नियतकालिकांत ही पद्धत रुळलेली होती, पण इंग्रजी सदरांत 'राजाचे प्यादे राजाच्या चौथ्या घरात' अशा अर्थाची आद्याक्षरे छापत, आणि घरे मोजायची ती ज्याची चाल असेल त्याच्या बाजूने. पांढऱ्याचे चौथे घर ते काळ्याचे पाचवे, म्हणजे पटावरच्या प्रत्येक घराला दोन नावे. खिळे जुळवणाऱ्याच्या हातून एक आकडा चुकला की पुढचा सारा डाव गोंधळात पडे, आणि मग पुढच्या आठवड्यात शुद्धिपत्र छापण्याची वेळ येई.

मॉर्फीचे डाव छापखान्यापर्यंत कसे पोचत याचे एक सुरेख उदाहरण उपलब्ध आहे. 27 सप्टेंबर 1858 रोजी पॅरिसच्या काफे द ला रेजांसमध्ये मॉर्फी पट न पाहता एकाच वेळी आठ जणांशी खेळला. सुमारे दहा तास चाललेल्या त्या खेळात त्याने सहा डाव जिंकले आणि दोन बरोबरीत सोडवले. त्याच्यासोबत प्रवास करणारा इंग्रज पत्रकार फ्रेडरिक एज याने नमूद केले आहे की, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मॉर्फीनेच त्याला झोपेतून उठवले आणि आदल्या दिवशीच्या आठही डावांच्या चाली त्याला सांगून लिहून घ्यायला लावल्या. पट समोर नाही, टिपण हातात नाही, रात्रभराची विश्रांतीही नीट झालेली नसणार. आणि हा एकवीस वर्षांचा तरुण बिछान्याशी बसलेल्या पत्रकाराला चालीमागून चाल सांगतो आहे! मला तर हे दृश्य प्रत्यक्ष खेळाहूनही थक्क करणारे वाटते.

मॉर्फीचे लहान डाव इतके का गाजले, याचेही थोडे उत्तर छपाईत आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑपेरा-गृहातील सज्जात ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर यांनी सल्लामसलत करून त्याच्याविरुद्ध जो डाव खेळला, तो सतरा चालींत संपला : सोळाव्या चालीला वजिराचा बळी आणि सतराव्या चालीला हत्तीने मात. असा डाव सदराच्या निम्म्या रकान्यातही मावतो, आणि वाचक तो चहा निवण्यापूर्वी पटावर मांडून पाहू शकतो. साठ चालींच्या संथ डावाला हे भाग्य लाभणे कठीण.

प्रश्न : इंग्लंडचा नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याने मॉर्फीला घाबरून सामना टाळला असे सर्रास सांगितले जाते. यात वर्तमानपत्रांचा हात किती होता?

उत्तर : हात मोठा होता, आणि सर्वांत मोठा हात स्वतः स्टॉन्टनचा होता, कारण तो केवळ खेळाडू नव्हता, तर 1845 पासून 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाचे बुद्धिबळ सदर तोच चालवत होता. ही गोष्ट नीट समजल्याशिवाय पुढचे प्रकरण उलगडत नाही. त्या काळी लंडनमधील बहुतेक महत्त्वाची सदरे खेळाडूंच्याच ताब्यात होती. 'बेल्स लाइफ इन लंडन' मध्ये जॉर्ज वॉकर लिहीत असे, तर 'द एरा' मध्ये योहान लोवेन्थाल. लोवेन्थाल तर मॉर्फीशी सामना खेळून हरला होता आणि तरीही बुद्धिबळाच्या वार्ता देण्याचे काम त्याच्याकडेच होते. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच खुर्चीवर बसलेले असताना वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेव्हाच्या वाचकांनाही पडला असणार.

घटनाक्रम असा आहे. 1857 च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क येथे झालेल्या पहिल्या अमेरिकी बुद्धिबळ संमेलनात मॉर्फीने अंतिम फेरीत लुई पॉलसनला हरवले. त्यानंतर मॉर्फीच्या गावच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्स येथील, बुद्धिबळ मंडळाने स्टॉन्टनला त्यांच्या शहरी येऊन मॉर्फीशी खेळण्याचे आव्हान दिले. पणाची रक्कम प्रत्येक बाजूस 5,000 डॉलर होती. 3 एप्रिल 1858 च्या सदरात स्टॉन्टनने आव्हानाची भाषा सौजन्यपूर्ण असल्याचे मान्य केले, परंतु एवढ्या लांबचा प्रवास शक्य नाही असे सांगून मॉर्फीनेच युरोपात यावे असे सुचवले. मॉर्फी जूनमध्ये इंग्लंडला पोचलाही. तेथे सल्लामसलतीच्या दोन डावांत दोघे एका पटावर समोरासमोर बसले, स्टॉन्टन आणि ओवेन एका बाजूला, मॉर्फी आणि बार्न्स दुसऱ्या. दोन्ही डाव मॉर्फीच्या बाजूने जिंकले. एकास एक सामना मात्र पुढे पुढे जात राहिला. स्टॉन्टन त्या वेळी शेक्सपिअरच्या नाटकांचे संपादन करत होता आणि प्रकाशकाशी झालेल्या कराराने बांधलेला होता. ही सबब बनावट नव्हती, ते काम खरोखरच प्रचंड होते.

खरी ठिणगी पडली ती 28 ऑगस्ट 1858 च्या सदरात. 'ग्रंथविरोधी' अशा अर्थाचे टोपणनाव घेतलेल्या कोणा पत्रलेखकाला उत्तर देताना स्टॉन्टनने छापले की, महत्त्वाच्या सामन्यापूर्वी दोन्ही पक्षांनी अटी ठरवण्यासाठी प्रतिनिधी नेमायचे आणि पणाची रक्कम तयार ठेवायची असा या देशाचा रिवाज आहे, आणि मॉर्फी मात्र यांपैकी काहीच न घेता येथे आला आहे. मॉर्फीच्या गोटात असा संशय होता की, प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा हे दोघे एकच. संशय खरा असो वा नसो, या उत्तराने केलेली जखम खरी होती. मॉर्फीचे वडील लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते, तो स्वतः कायद्याचा पदवीधर होता, आणि पैशासाठी खेळणारा म्हणून आपली गणना होऊ नये याविषयी तो कमालीचा हळवा होता. त्याच उन्हाळ्यात लोवेन्थालवरील विजयात त्याला 100 पौंड मिळाले, तेव्हा त्याने 120 पौंडांचे घरसामान घेऊन लोवेन्थालला भेट दिले. अशा माणसावर 'पणाची रक्कम नाही' हा आक्षेप छापील अक्षरांत यावा, हे मला अन्यायाचे वाटते.

6 ऑक्टोबर रोजी पॅरिसहून मॉर्फीने स्टॉन्टनला पत्र लिहिले, आणि त्याच्या प्रती लंडनमधील इतर संपादकांनाही पाठवल्या. आपण व्यावसायिक खेळाडू नाही, आपल्या कौशल्याचा उपयोग द्रव्यार्जनासाठी करण्याची इच्छा कधीच नव्हती, आणि तरीही न्यू ऑर्लिन्सच्या मित्रांनी जमवलेली रक्कम केव्हाची तयार आहे, असे त्याने त्यात स्पष्ट केले व सामन्याची तारीख मागितली. हे पत्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' मध्ये आले, पण पैशाविषयीच्या त्या आक्षेपाला उत्तर देणारा परिच्छेद गाळून. इतर अंकांत तो छापलेला होता, त्यामुळे दोन अंक शेजारी ठेवले की कात्री कोठे चालली हे कोणालाही दिसत होते.

मॉर्फीने ब्रिटिश बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष लॉर्ड लिटल्टन यांच्याकडे दाद मागितली. 3 नोव्हेंबरच्या उत्तरात लिटल्टन यांनी जो निवाडा दिला तो मला आजही सर्वांत समतोल वाटतो. एकंदर परिस्थिती पाहता सामना नाकारण्याचा स्टॉन्टनला अधिकार होता, पण हे त्याने फार आधी आणि उघडपणे कळवायला हवे होते; आणि पत्रातला भाग गाळण्यास जबाबदार कोणीही असो, त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही प्रकारे करता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तेव्हा स्टॉन्टन घाबरला असे मी लिहिणार नाही. 48 वर्षांचा, सरावातून बाहेर पडलेला, मानेवर मोठे काम घेतलेला माणूस नकार देऊ शकतो. त्याचा दोष पटावरचा नव्हता, सदरातला होता. उलट बाजूने पाहता, ही सगळी हकिकत पुढे रूढ झाली ती मुख्यतः एजच्या लेखनातून, आणि एज हा मॉर्फीचा कट्टर पक्षपाती होता, हेही विसरून चालणार नाही.

प्रश्न : वर्तमानपत्रांनी मॉर्फीला 'विश्वविजेता' म्हटले होते का?

उत्तर : होय, पण तो किताब कोणत्याही संस्थेने दिलेला नव्हता. डिसेंबर 1858 मध्ये पॅरिस येथे त्याने जर्मनीच्या अडॉल्फ अँडरसनला सात विरुद्ध दोन असे हरवले, दोन डाव बरोबरीत सुटले, आणि त्यानंतर त्याच्या तोडीचा कोणी उरला नाही असे सर्वांना वाटू लागले. मे 1859 मध्ये न्यूयॉर्कच्या सत्कारसभेत आणि त्यानंतर बॉस्टनच्या मेजवानीत वक्त्यांनी त्याचा तसा उल्लेख केला आणि वृत्तांतांतून तो सर्वत्र गेला. अधिकृत मानली जाणारी पहिली विश्वविजेतेपदाची लढत स्टाइनिट्स आणि झुकरटोर्ट यांच्यात 1886 साली झाली. तोपर्यंत मॉर्फी हयात नव्हता.

प्रश्न : मृत्यूच्या वेळी मॉर्फीभोवती स्त्रियांचे बूट अर्धवर्तुळात मांडलेले होते, असे मी वाचले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न आपण विचारलात याचा मला आनंद वाटतो. युरोपातून परतल्यावर मॉर्फीने काही काळ 'न्यूयॉर्क लेजर' साठी जुन्या सामन्यांतील डावांवर टिपणे लिहिली. पुढे यादवी युद्ध झाले, वकिली जमली नाही, आणि बुद्धिबळापासून तो पूर्णपणे दूर झाला. त्याच्या मानसिक अस्वास्थ्याच्या बातम्या 1870 नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांत फिरू लागल्या, आणि एकाच्या अंकातून दुसऱ्याच्या अंकात जाताना त्या अधिकाधिक भडक होत गेल्या. 10 जुलै 1884 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, दुपारच्या उन्हात फिरून आल्यावर स्नान करत असताना न्यू ऑर्लिन्स येथील घरात त्याचा मृत्यू झाला.

बुटांच्या कथेचे मूळ त्याच्या पुतणीने 1926 साली लिहिलेल्या पुस्तिकेत आहे. तिच्या सांगण्यानुसार मॉर्फी आपल्या खोलीत स्वतःचे बूट अर्धवर्तुळात मांडून ठेवत असे, आणि असे का करता असे विचारल्यावर, हवा तो जोड चटकन हाताशी लागावा म्हणून, असे उत्तर देत असे. पुढे कोणा लेखणीखाली ते बूट स्त्रियांचे झाले, आणखी कोणी ते खोलीतून उचलून स्नानपात्राभोवती नेऊन ठेवले. पुतणीच्या मजकुरात नीटनेटक्या माणसाची एक सवय आहे, त्यापलीकडे काही नाही.