सकाळच्या सत्रातील सीईटीचे प्रश्न दुपारच्या मित्राला सांगणे ही कॉपी ठरते का?

माझ्या मते ठरते, जरी सांगणाऱ्याला ती केवळ मैत्री वाटत असली तरी. एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्रातील अभियांत्रिकी, फार्मसी अशा अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे त्याच सत्रातील इतरांच्या तुलनेत, लागतो. त्यामुळे अशा कुजबुजीतून फारसे हाती लागत नाही, पण दुपारी बसणाऱ्या इतरांना न मिळालेली माहिती मिळवण्याचा हेतू तोच राहतो. सर्व सत्रे संपल्यावर प्रश्नांची चर्चा करण्यात मात्र काहीच गैर नाही.

क्लासच्या नोट्स मित्रांपासून लपवणाऱ्यालाही काही जण ‘चीटर’ म्हणतात. तो कंजूषपणा आहे, फसवणूक नव्हे. याउलट उत्पन्नाचा खोटा दाखला जोडून जागा मिळवणे ही उघड लबाडी असूनही घरोघरी ‘सगळेच करतात’ म्हणून खपवली जाते, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते, कारण त्यात एका खऱ्या गरजूची जागा जाते.