खास काही नसलं तरी

बाबू,

तुम्हा चौघा दोस्तांपैकी एक चाकणला कंपनीत, एक सुरतेला, एक नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मागे, आणि गावात वावर सांभाळायला तू. "बोलायला खास काही नसते सर, मंग राहूनच जाते," असं तू परवा म्हणालास. माझं म्हणणं, खास काही नसतं तेव्हाच लिहावं.

लग्न, नोकरी, मयत हे त्यांना घरून कळतंच. नाल्याला पूर कुठवर आला, शाळेमागच्या बोरीला बोरं लागली का, पारावर कोणाचं कोणाशी वाजलं, हे मात्र तूच सांगू शकतोस. "पाणी आलं बे. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकता टाकता मीच ओला झालो." बस. खाली "कधी येतोस?" असं जोडू नकोस. ज्याला सुट्टीच मिळत नाही त्याला ते टोचतं, आणि मग तो उत्तर द्यायचंही टाळतो.

सकाळच्या गुलाबाच्या फुलांना मी निरोप धरत नाही. २०१८ साली व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी ५ ठिकाणीच फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, तरी आपल्या गावच्या ग्रुपवरचा बगीचा काही सुकला नाही! पोळ्याला तयार चित्र पाठवण्यापेक्षा आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे तुझ्याच आवाजात रेकॉर्ड करून धाड. मागे घुंगरं वाजली, तुझ्या मायनं हाक मारली, तर तेही राहू दे. बैल शेजाऱ्याचे असले तरी चालतील.

निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं, तर तोंड फुगवू नकोस. रात्रपाळी करून झोपला असेल. आमच्या पोस्टकार्डाला उत्तर यायला पंधरवडा लागे, आणि पोस्टमन ते आमच्याआधी वाचे.

सुरतवाल्याशी फार दिवसांत बोलणं नाही, आता लिहिलं तर त्याला काय वाटेल, ही तुझी खरी अडचण. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. आपली आठवण समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज माणसं कमीच करतात, आणि निरोप जितका अनपेक्षित, तितका तो जास्त आवडतो. तेव्हा "इतके दिवस बोललो नाही, माफ कर" अशी प्रस्तावना नको. सरळ तुरीच्या शेंगांचा फोटो टाक.

एक मात्र जपून. पेरणीच्या तोंडावर उसने मागायचे झाले तर फोन कर आणि पहिल्याच वाक्यात माग. गोड चार ओळी लिहून शेवटी आकडा टाकलास, तर पुढचा तुझा प्रत्येक निरोप तो धास्तावूनच उघडेल.

आणि ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसू नकोस. मी आता तपासत नाही.

तुझे सर