पुरावा एकच, मग ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोगात दोन पक्षांना दोन वेगळ्या गोष्टी कशा दिसल्या?

आरोप असा होता की ट्रम्प यांनी युक्रेनवर आपले प्रतिस्पर्धी बायडन यांच्या चौकशीसाठी दबाव आणला. तुम्ही विचारलंय की २०१९ मध्ये त्याच साक्षी ऐकून डेमोक्रॅट ‘ढळढळीत पुरावा’ म्हणत होते आणि रिपब्लिकन ‘काहीच नाही’, तर यातलं कोणीतरी खोटं बोलत होतं का?

मी दिवाणी कोर्टात वकिली करतो. त्या नोव्हेंबरात सुनावण्या आपल्याकडे संध्याकाळी साडेसात-आठला लागायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे कागद मांडीवर तसेच राहायचे. मला तरी खोटेपणापेक्षा सोयीचा तुकडा उचलणं जास्त दिसलं.

२० नोव्हेंबरची सोंडलंड यांची साक्षच घ्या. हे युरोपियन युनियनमधले अमेरिकेचे राजदूत, ट्रम्प यांनीच नेमलेले. सकाळी म्हणाले, देवाणघेवाण होती, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्कींना व्हाइट हाउसची भेट हवी तर आधी चौकशीची घोषणा. मग अडकवलेल्या ३९.१ कोटी डॉलरच्या लष्करी मदतीचं काय? टर्नर या रिपब्लिकन सदस्याने उलटतपासात धारेवर धरलं, तेव्हा कबूल केलं की मदत चौकशीशी जोडली आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं, तो माझा अंदाज. इकडे ट्रम्प बाहेर हिरवळीवर येऊन जाड मार्करने खरडलेला कागद वाचतायत, ‘मला काही नको’. एका पक्षाने सकाळची साक्ष उचलली, दुसऱ्याने उलटतपास. दोन्ही खरंच त्या साक्षीत होतं.

रिपब्लिकनांचा मोठा आक्षेप ‘ऐकीव पुरावा’ हा होता. आम्हीही तो उठता-बसता घेतो, आणि मूळ तक्रारदारापुरता तो बरोबरच होता, कारण त्याने ट्रम्प-झेलेन्स्कींमधला २५ जुलैचा फोन स्वतः ऐकला नव्हता. पण राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले अधिकारी व्हिंडमन यांनी ऐकला होता. शिवाय संभाषणाचं टिपण खुद्द व्हाइट हाउसने जाहीर केलं होतं. ते शब्दशः नाही अशी तळटीप पहिल्याच पानावर, तरी ‘आमचं एक काम करा’ हे त्यात आहेच.

आणि ज्यांनी थेट सांगितलं असतं त्या ट्रम्प यांच्या कार्यालयप्रमुख मुल्वेनींना आणि माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बोल्टनना व्हाइट हाउसने येऊ दिलं नाही. कागदपत्रंही दिली नाहीत. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११४ खाली एक उदाहरण होतं, (g). हाताशी असलेला पुरावा एखाद्याने दडवला, तर तो त्याच्याच विरुद्ध गेला असता असं कोर्ट धरू शकतं. तिकडे हा कायदा लागू नाही, ठाऊक आहे, पण माझं मत तिथेच झुकलं.

डेमोक्रॅटांनाही सोडत नाही. घाई त्यांचीच. बोल्टन यांचे सहकारी कपरमन समन्सविरुद्ध कोर्टात गेले, तर यांनी समन्सच मागे घेतलं. बोल्टनना तर ते काढलंच नाही. निवडणुकीचं वर्ष तोंडावर होतं ना! १८ डिसेंबरला प्रतिनिधिगृहात सत्तेच्या गैरवापराचा आरोप २३० विरुद्ध १९७ ने मंजूर झाला, त्यात रिपब्लिकन मत एकही नाही.

सिनेटमध्ये ३१ जानेवारी २०२० ला साक्षीदार बोलावण्याचा प्रस्ताव ५१-४९ ने पडला. रॉम्नी आणि कॉलिन्स हे दोघेच रिपब्लिकन प्रस्तावाच्या बाजूने. टेनेसीचे लमार अलेक्झांडर विरोधात गेले. त्यांचं कारण ऐकून मी टीव्हीचा आवाज वाढवला होता. ट्रम्प यांनी युक्रेनकडे चौकशी मागितली हे सिद्ध झालेलंच आहे, म्हणाले, ते अनुचितही होतं, पण पदावरून काढण्याइतकं नाही. मग आणखी साक्षीदार कशाला?