हरणाची शिकार आणि टार्गेट, दोन्हीसाठी एकच २४३ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची) घ्यायची आहे. नळीचा पीळ १:१० घेऊ की १:८?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात राहता, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय आणि पहिली रायफल २४३ विंचेस्टर या काडतुसाची (गोळीचा व्यास ०.२४३ इंच) घ्यायचीय. दुकानात एकीवर १:१० लिहिलंय, दुसरीवर १:८, आणि विक्रेता म्हणतो काही फरक पडत नाही.

फरक पडतो, आणि तो पैसे देण्याआधीच कळायला हवा. दुर्बीण, चाप, दस्ता हे सगळं नंतर बदलता येतं. पीळ बदलायचा म्हणजे नळीच बदलावी लागते.

१:१० म्हणजे नळीतले आटे (आतल्या बाजूला कोरलेल्या पिळदार खाचा) दहा इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. १:८ चा पीळ त्याहून घट्ट. सेकंदाला ३,००० फूट वेगाने १:८ च्या नळीतून सुटलेली गोळी मिनिटाला २,७०,००० फेऱ्यांच्या गतीने फिरत असते. ही फिरकीच तिला नाकासमोर ठेवते, आणि गोळी जितकी लांब तितकी फिरकी जास्त लागते. सगळे वजनाबद्दल बोलतात, कारण खोक्यावर ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप, एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम) छापलेले असतात, लांबी नसते. खरा हिशेब लांबीचा आहे.

आपल्या राज्यात हे फार महत्त्वाचं आहे. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, बहुतेक जण तांब्याची वापरतात. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब भरते. ‘हरणाला २४३ मध्ये १०० ग्रेन’ हा जुना सल्ला शिशाच्या काळातला. तांब्यात ८० ग्रेनची घ्या. ती आत गेल्यावर तुटत नाही, वजन टिकवून धरते, त्यामुळे हलकी असूनही हरणाला पुरते, आणि १:१० मध्ये नीट उडते.

पिळावरून बाजार कसा फिरतो ते याच व्यासाच्या गोळीने दाखवलंय. १९५५ साली विंचेस्टरने २४३ आणली आणि रेमिंग्टनने २४४. गोळीचा व्यास दोघांचा एकच. रेमिंग्टनने गृहीत धरलं की लोक यातून छोटी जनावरं मारतील, म्हणून ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्यांसाठी १:१२ पीळ ठेवला. विंचेस्टरने १:१० ठेवला आणि १०० ग्रेनची गोळी दिली. हरणाच्या शिकाऱ्यांना १०० ग्रेनच हवी होती, ते २४३ कडे गेले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने, १:९ पीळ देऊन पुन्हा आणलं. तोवर उशीर झाला होता.

मी स्वतः यात पोळलोय. माझी पहिली रायफल जुनी २२३ होती, पीळ १:१२. ५५ ग्रेनच्या गोळ्या शंभर यार्डांवर सुंदर बसायच्या. मग हौसेने ७५ ग्रेनची खोकी आणली. कागद जवळ आणून पाहिला तर भोकं गोल नव्हतीच, लांबट फाटलेली, एका ठिकाणी तर आडव्या गोळीचा अख्खा आकार उमटलेला. मी दुर्बिणीचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत बसलो. शेवटी शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘पीळ किती आहे?’ मला उत्तर देता आलं नाही.

तुम्हाला आधीच अंदाज घ्यायचा असेल तर ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र अजून कामाला येतं. व्यासाचा वर्ग गुणिले १५० (वेग २,८०० फुटांवर असेल तर १८०), भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. २४३ ची एक इंच लांब गोळी: उत्तर साधारण १०.६, म्हणजे १:१० पुरतो. टार्गेटची सव्वा इंच लांब, टोकदार गोळी: उत्तर ८.५, म्हणजे १:८ च हवा. सूत्र शिशाच्या गोळीचं आहे, तांब्यासाठी उत्तरातून दहा टक्के कमी करा. शिवाय समुद्रसपाटीला थंडीत हवा दाट असते, जिला पीळ जेमतेम पुरतो अशी काठावरची गोळी तिथे आधी डगमगते. थोडी सूट राखूनच पीळ निवडा.

तुम्हाला टार्गेटही मारायचंय, आणि लांब पल्ल्याला १०५-१०८ ग्रेनच्या गोळ्या लागतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: १:८ घ्या. ८० ग्रेनची तांब्याची गोळी त्यातूनही उत्तम जाते. नुकसान एवढंच की पातळ आवरणाच्या अगदी हलक्या गोळ्या जास्त फिरकीने हवेतच फुटू शकतात. त्या तुम्हाला नकोच आहेत. नुसती शिकार करायची असती तर १:१० घेऊन उरलेले पैसे चांगल्या दुर्बिणीत घाला म्हटलं असतं.

जुनी रायफल बघत असाल तर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. मॅगझिन आणि बोल्ट काढा, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा. नळी साफ करायच्या, फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट बसणारं फडकं लावून आत ढकला. फडक्याने आटे पकडले की सळईवर वरच्या बाजूला मार्करने खूण करा आणि नळीच्या तोंडाशी दुसरी. सावकाश ढकलत राहा. वरची खूण पूर्ण फिरून पुन्हा वर आली की सळई किती इंच आत गेली ते मोजा. तीनदा मोजा, फडकं मधे घसरतं.