वाचक विचारतात : रिझल्टचं सॉफ्टवेअर जूनच्या आत बदलायचंय, जमेल का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी नवी मुंबईतल्या एका खाजगी विद्यापीठात सिस्टिम्सला आहे, म्हणजे खरं तर मी एकटाच सिस्टिम्स आहे. आधी आम्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न कॉलेज होतो, मग स्वतंत्र झालो. परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर अजून व्हिज्युअल फॉक्सप्रोत (मायक्रोसॉफ्टची जुनी डेटाबेस-प्रोग्रॅमिंग भाषा), ते लिहिणारे काका रिटायर झाले. आता मॅनेजमेंटने ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घेतलंय आणि व्हेंडर म्हणतोय अ‍ॅडमिशन, फी, परीक्षा, होस्टेल सगळं जूनमध्ये एकदम गो-लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष वापरात. मला टेन्शन आलंय. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : टेन्शन बरोबर आलंय तुम्हाला. सगळं एकदम करूच नका. २०१७ आठवत असेल, मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या लाखो उत्तरपत्रिका एकाच फटक्यात ऑनस्क्रीन तपासणीला टाकल्या, रिझल्ट महिनोन्‌महिने रखडले, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं गेलं. स्क्रीनवर पेपर तपासणं ही कल्पना काही वाईट नव्हती, पण सगळ्या शाखा एकदम आणि तयारीला वेळ नाही, तिथे गाडी फसली. ही कथा मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये जरूर सांगा, तारखेवरचा हट्ट थोडा सैल होतो.

फॉक्सप्रो जायला हवं यात वाद नाही. मायक्रोसॉफ्टने सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केलाय, आणि त्यातला डेटा ज्यात साठतो ती डीबीएफ फाइल २ जीबीला पोचली की पुढे एक रेकॉर्ड घेत नाही. पण त्या कोडला घाबरू नका, त्यात जे नियम दडलेत त्यांना घाबरा. ग्रेस मार्कांचंच घ्या, मुंबई विद्यापीठाच्या नियमांचे नंबर बघा. ओ-५०४२-ए पास होण्यासाठी, ओ-५०४३-ए क्लास मिळण्यासाठी, ओ-२२९-ए मध्ये एनएसएस-एनसीसीवाल्यांना १० मार्क, हे सगळ्यांना पाठ असतं. पण एकाच पोराला दोन लागू होत असतील तर आधी कुठला लावायचा, टक्के राउंड कधी करायचे, हे बऱ्याचदा कुठल्याच फायलीत सापडत नाही, ते काकांच्या पीआरजी (प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये इफ-एल्सच्या दहा-बारा ओळींत असतं आणि वर कॉमेंट असते "सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे". कुठले सर, कुठल्या वर्षी, देव जाणे. म्हणून काकांना बोलवा, रीतसर मानधन देऊन (चहा-वडापाववर नको!), शेजारी बसून एकेक अट वाचा आणि मराठीत लिहून काढा, खाली परीक्षा नियंत्रकांची सही घ्या. व्हेंडरला कोड नका देऊ, हा कागद द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या बॅचेस. आपल्याकडे पोरगं पास होऊन गेलं तरी त्याचा नियम जिवंत राहतो. मुंबई विद्यापीठात २०११-१२ ला क्रेडिट-ग्रेड (टक्क्यांऐवजी ग्रेड पॉइंट) आलं, २०१६-१७ ला चॉइस बेस्ड क्रेडिट पद्धत, २०२४-२५ पासून कॉलेजांत एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण. उद्या २००९ च्या बॅचची कुणी बाई कॅनडाला निघालीय म्हणून ट्रान्सक्रिप्ट मागायला येईल तेव्हा तिचे टक्केच छापले गेले पाहिजेत, नवीन सिस्टिमने शहाणपणा करून तिला ग्रेड पॉइंट द्यायचे नाहीत. तेव्हा प्रत्येक नियमाला "कधीपासून, कुठल्या बॅचला" हा कॉलम हवाच हवा. डेमोला व्हेंडर सेटिंग्जची गुळगुळीत स्क्रीन दाखवतो ना, तिथे त्याला सांगा की पासिंग ४० चं ३५ करून दाखव, आणि मग गेल्या वर्षीची एखादी मार्कशीट उघड. ती मार्कशीट बदलली तर सही करू नका, मग चहाबिस्किटं कितीही भारी असोत.

जूनमध्ये फक्त एफवायची नवी बॅच घ्या, तीही अ‍ॅडमिशन आणि फी एवढीच. जुन्या बॅचेस जुन्यातच पास होऊन बाहेर पडू देत. दरम्यान जाहीर झालेला एखादा रिझल्ट, कच्च्या मार्कांपासून, नव्या सिस्टिममधून परत काढा आणि सीट नंबरवार जुन्याशी ताडून बघा. फरक निघतीलच. प्रत्येक फरकाचं कारण लिहिलं गेलं पाहिजे, "थोडेसेच आहेत" म्हणून सोडायचे नाहीत, आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी जुनंच चुकत होतं असंही निघतं, ते मात्र स्वतःच्या अंगावर न घेता लेखी वर कळवायचं. हे झाल्याशिवाय परीक्षा मॉड्यूल चालू नाही. होस्टेल कधीही करा, त्याने कुणाचं काही अडत नाही.

प्रश्न : ताई, जुन्या विद्यार्थ्यांची मराठी नावं श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट) आहेत, कन्व्हर्टरने युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) केली. नाव स्क्रीनवर नीट दिसतं पण सर्चला सापडत नाही. असं का होतं? – कळवा

उत्तर : जुन्या फॉन्टमध्ये अक्षर नसतं, अक्षराचं चित्र असतं, आत भलतेच कोड. कन्व्हर्टर ते जुळवून देतो पण हुबेहूब दिसणारी गोष्ट दोन तऱ्हांनी साठवली जाऊ शकते. कुऱ्हाडे हे आडनाव बघा, त्यातला ऱ्ह एकदा नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने होतो, एकदा साध्या र नंतर हलन्त (पाय मोडायची खूण) आणि न दिसणारा जॉइनर (अक्षरं जोडणारी खूण) टाकून होतो. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे कुऱ्हाडे. गोऱ्हे, बऱ्हाटे सगळ्यांचं तेच. डेटा भरताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लावा, सुटेल. पण सर्चसाठी वेगळा कॉलम करा, मूळ नावाला हात लावू नका. मार्कशीटवर जे छापलंय तेच रेकॉर्डला राहायला पाहिजे, चुकीचं वाटलं तरी. दुरुस्ती अर्ज आणि कागदपत्रांवरच, क्लार्कच्या मनाने नाही. इंग्रजी स्पेलिंगलाही हेच, अपार आयडीसाठी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) नाव आधारशी जुळवताना मोह होतो एक्सेलमध्ये पटकन बदलायचा.

प्रश्न : आमच्याकडे परीक्षा विभागात पाच जण एकच लॉगिन वापरतात, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलाय. मी बोललो तर वाईट होतो. – ठाणे

उत्तर : व्हा वाईट. मार्क बदलल्याचं प्रकरण निघालं की लॉगमध्ये (कोणी काय बदललं याच्या नोंदीत) पाच जणांचं एकच नाव दिसणार आणि चौकशीत पाचही जण अडकणार, हे त्यांना असंच सांगा, "सिक्युरिटी पॉलिसी" वगैरे म्हणू नका. वेगळी लॉगिन द्या, मार्क भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा ठेवा, आणि बदलाच्या नोंदीत जुना मार्क, नवा मार्क, वेळ, कारण चारही येऊ देत. चिकटवलेला पासवर्ड आजच बदला, ती चिठ्ठी बघितलेले लोक पाचापेक्षा जास्त असणार.