संशोधन प्रकल्पाला निधी मिळायला ओळख लागते का?

एका परीक्षकाने 'उत्तम' शेरा देऊनही तुमचा प्रकल्प नाकारला, म्हणजे आत ओळखच चालते का, असं तुम्ही विचारलंय. कधीच चालत नाही असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं: परीक्षक निर्णय घेतच नाही.

मी सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवतो. स्वतःचे प्रस्ताव नाकारले गेलेत, आता दुसऱ्यांचे तपासायलाही येतात. कार्यालयीन छाननीनंतर प्रस्ताव त्या विषयातल्या दोन-तीन जणांकडे जातो. त्यांना तुमचं नाव दिसतं, तुम्हाला त्यांचं नाही. तुमचे गाइड, सहलेखक, एकाच संस्थेतले लोक यांनी बाजूला व्हायचं असतं. मग सगळे शेरे तज्ज्ञ समितीपुढे जातात आणि तिथे तुमचा प्रस्ताव इतरांच्या शेजारी ठेवून बघतात. पैसे संपतात तिथे रेघ. कित्येक 'उत्तम' त्या रेघेखाली राहतात. रेघेच्या आसपासच्यांत डावं-उजवं करणं इतकं अवघड, की न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2013 पासून एका योजनेत पात्र प्रस्तावांच्या चक्क चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली!

माझा पहिला प्रस्ताव तासगावच्या द्राक्षबागांतल्या डावणी या रोगावर होता. (सगळे तिला बुरशी म्हणतात, खरं तर ती ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्याच गटातला जीव.) एकाने लिहिलं, 'अत्यंत गरजेचं काम.' दुसऱ्याने, 'केवळ स्थानिक महत्त्व.' तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराने प्रस्ताव पुन्हा वाचला, तर बागायतदारांच्या नुकसानीवर दोन पानं आणि औषधाला डावणी दाद का देत नाही, या मूळ प्रश्नावर चार ओळी. शिवाय शेजारच्या विभागात पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र) असताना मी नवं मागितलं होतं. हातात स्वतःचा एकही नमुना नव्हता. तीन वर्षांत हे काम या माणसाकडून होईल का, हेच परीक्षक शोधत असतो. आज मीही तेच शोधतो.

पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला तेव्हा 40 बागांतून पानं गोळा केली, मशीन वगळलं, दुसऱ्याच्या शेऱ्याला प्रस्तावातच उत्तर दिलं. मंजूर झाला. ओळख तेव्हाही कुणाची नव्हती.

तुमच्या प्रश्नात पहिल्या परीक्षकाचा शेरा आहे. दुसऱ्याने काय लिहिलं होतं?