काल्पनिक प्राण्यांच्या वहीला दहा वर्षं होताहेत, साजरं करावं का? आणि सहा पायांचा हत्तीएवढा प्राणी चालेल कसा?

साजरं करा. पेढे आणा. फक्त त्या दिवशी घरी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक बोलावू नका.

तुम्ही लिहिलंय की स्वतःचा ग्रह रचून त्यावरचे प्राणी काढता, वहीला यंदा दहा वर्षं होतील, घरचे हसतात, आणि सध्या एका सहापायी धुडाच्या चालण्यावर गाडी अडलीये. प्रश्न वाचला आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसलो.

माझी वही 2009 च्या पावसाळ्यातली. मी सांगलीत एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर कॉलम, बीम, फुटिंग. रात्री लाँगबुकात प्राणी. 2019 ला बायकोच म्हणाली, सगळ्यांचे वाढदिवस करतो, वहीचाही करू. दहा-बारा माणसं, शिरा, बटाटेवडे, आणि कॉटवर चादर घालून मांडलेली तीन लाँगबुकं. माझा चुलत दादाही आला होता. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि घरातल्या कुठल्याही वादात शेवटचा शब्द त्याचाच असतो, मग विषय लग्नाच्या मुहूर्ताचा का असेना.

त्याने नेमकी तिसरी वही उचलली. त्यात दांडोबा होता. मिरजेजवळच्या डोंगरावरून नाव ठेवलं होतं, कारण पाठ अगदी तशी उतरली होती. सहा पाय, लांब, सडपातळ, कोळ्यासारखे बाहेर फाकलेले. पोटाखालची सावली रंगीत पेन्सिलीने भरायला मला चार रविवार लागले होते.

"वजन किती रे याचं?"

"सव्वादोन टन."

दादाने खिशातलं पेन काढून पायाच्या जाडीला लावलं, कोपऱ्यातली स्केल बघितली आणि म्हणाला, "बारा सेंटिमीटर? ऑफिसातही कॉलम असेच काढतोस का?" सगळे हसले. बायकोसुद्धा. मग म्हणाला, "आणि कणा असलेल्या प्राण्याला सहा पाय कुठे बघितलेस? बरं, हे सगळं करून उपयोग काय?" आणि वडा उचलला.

तीन प्रश्न. त्या क्षणी मला एकाचंही उत्तर आलं नाही. लोक गेल्यावर मी भांडी विसळायला लागलो, तेव्हा तिन्ही आली. ती इथे देतो. दादा हे वाचणार नाही, पण तुमच्या घरी असा एखादा असेलच.

पहिला, जाडीचा. झालं होतं असं की दांडोबा मुळात शेळीएवढा होता. उंची 70 सेंटिमीटर, वजन 35 किलो, पाय 3 सेंटिमीटर जाड. पुढे मला तो आवडायला लागला, म्हणून मी त्याला झेरॉक्सवर 400 टक्के करावं तसा मोठा केला. उंची चौपट, 2.8 मीटर. पण वजन चौपट होत नाही, 64 पट होतं. पायाचा छेद, म्हणजे पाय आडवा कापला तर दिसणारं क्षेत्रफळ, 16 पटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आधीच्या चौपट भार. भार तेवढाच ठेवायचा तर छेदही 64 पट हवा, म्हणजे जाडी आठपट: पाय 12 नाही, 24 सेंटिमीटर जाड हवा, आणि फाकलेला नको, पोटाखाली सरळ उभा हवा. हत्तीचे पाय खांबासारखे असतात ते उगाच नाही. गॅलिलिओने हे 1638 मध्ये मांडलंय. मी रोज कॉलमच्या साइझा काढणारा माणूस, आणि मला ते वहीत दिसलं नाही. खरी लाज त्याची वाटली.

बरं, सहा पायांमुळे काही वाचतं का? चाराचे सहा केले तर भार दीडपटीने वाटला जातो, बस्स. चौपटीपुढे दीडपट कुठे पुरणार? तेव्हा पाय वाढवून जाडी टाळता येत नाही.

दुसरा प्रश्न मात्र दादाने नुसता ठोकून दिला होता. जमिनीवरच्या कणा असलेल्या प्राण्यांना चारच हातपाय आहेत, कारण ज्या माशांपासून ते आले त्यांना पोटाकडे परांच्या दोनच जोड्या होत्या. एवढंच. चार हा आकडा कुठल्या नियमात लिहिलेला नाही. पाच बोटांचंही तसंच. सुरुवातीच्या चौपायांपैकी अकँथोस्टेगाला पुढच्या पायाला आठ बोटं होती, इक्थिओस्टेगाला मागच्या पायाला सात. पाच नंतर ठरली. दुसऱ्या ग्रहावर तीन जोड्यांचा मासा किनाऱ्याला लागला, तर तिथला दादा चौपाया बघून हसेल.

आता तुमचा प्रश्न, चालेल कसा. मुंगळ्याचा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा, साखरेचा दाणा ठेवला की तो स्वतःच हजर होतो. एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय, दुसऱ्या बाजूचा मधला, असे तीन एकदम उचलतो. उरलेले तीन टेकलेले. म्हणजे कायम तिपाईवर उभा. मुंगळ्याला हे परवडतं. तुमच्या धुडाला सारखं अर्ध्या पायांवर सगळं वजन पेलायचं म्हणजे पाय आणखी जाड. म्हणून सावकाश चालताना त्याला एकेक पाय उचलू द्या, मागून पुढे लाट जाते तसा: मागचा डावा, मधला डावा, पुढचा डावा, मग उजवीकडचे. म्हैस असंच चालते, मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. तुम्ही मध्ये एकेक घुसवायचा. तिपाई घाईच्या वेळेसाठी ठेवा. चौखूर उधळायला लावू नका, हत्तीही चारही पाय हवेत घेत नाही.

शिवाय मधल्या पायांना टेकायला खांद्यासारखं किंवा कमरेसारखं हाड लागेल, ते बरोबर फुप्फुसं आणि पोट यांच्या मध्ये येतं. मी तिथे पाठीचा कणा ताठ केलाय. त्यामुळे दांडोबा चित्त्यासारखा वाकून धावूच शकत नाही, आणि मला ते चालतं.

तिसरा प्रश्न, उपयोग. याच्यावर मी दादाशी अजून मनात भांडतो. 1862 मध्ये डार्विनने मादागास्करच्या एका ऑर्किडबद्दल लिहिलं. फुलाच्या मागे जवळपास एक फूट लांब नळी, मध अगदी तळाशी. तो म्हणाला, तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. त्यावरही लोक हसले. डार्विन 1882 मध्ये गेला. 1903 मध्ये मादागास्करच्या तशाच लांब सोंडेच्या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्याला नाव दिलं प्रेडिक्टा, भाकीत केलेला. किंवा रिचर्ड अलेक्झांडर घ्या. अमेरिकेतले हे कीटकशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात सांगत होते की मुंग्या-वाळवीसारखी राणी आणि कामकरी असलेला सस्तन प्राणी असलाच तर तो असा असेल: जमिनीखाली राहणारा, कंदमुळं खाणारा, उष्ण प्रदेशातला, कठीण मातीतला. आफ्रिकेतला केसविरहित बिळउंदीर हुबेहूब तसा निघाला, 1981 मध्ये जेनिफर जार्विस यांनी ते दाखवलं. "असा प्राणी असता तर" म्हणणं हा टाइमपास असेल, तर हे दोघंही टाइमपासच करत होते.

हे वाक्य मी सात वेगवेगळ्या लग्नांत दादाला ऐकवायचं ठरवलं. तो प्रत्येक वेळी आधी विचारतो, "काय म्हणतोय तुझा हत्ती?" आणि माझं राहून जातं.

आता खरं सांगायचं तर, त्या कार्यक्रमानंतर आठवड्याने दादाने एक पाकीट पाठवलं होतं. आत जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या 1926 च्या लेखाची झेरॉक्स, प्राण्यांच्या आकारमानावरची. हॉल्डेन म्हणजे 1957 मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले ते इंग्रज जीवशास्त्रज्ञ. हजार यार्ड खोल खाणीत उंदीर पडला तर तळ मऊ असेल तर झटकून चालू लागतो आणि घोड्याच्या चिंधड्या होतात, ते यातलंच. दादाने चिठ्ठी वगैरे काही टाकली नव्हती, फक्त एका परिच्छेदाला पेन्सिलीने उभी रेघ. म्हणजे हाडांच्या बाबतीत तो बरोबर होता हे मला मान्य आहे, आणि त्याला तोंडावर सांगायची माझी तयारी नाही. तुमच्या घरचे नुसते हसत असतील तर हसू दे. पण कोणी पेन काढून जाडी मोजत असेल, तर त्याला पेढे दोन द्या.

आणि दांडोबा मी नंतर पहिल्यापासून काढला. 24 सेंटिमीटरचे पाय, सरळ. दिसायला पूर्वीपेक्षा बेढब झालाय.

तुमचं चित्र टाका. मला मधल्या पायांचे सांधे बघायचेत. कोपर मागे वळतं, गुडघा पुढे, पण मधला पाय ना धड हात ना धड पाय. माझा आधी पुढे वळायचा, आता मागे वळतो, आणि दोन्हीत पोटाला आपटतोच.